तीन गरम, एक थंड

अप्पांना एकच डोळा होता. उजवा लहानपणी देवीत गेलेला. त्यामुळे त्यांनी आयुष्यात जे वाचलं, जे रंगवलं, माझ्या प्रगतिपुस्तकावर ज्या सह्या केल्या, ते सगळं डाव्याच्या भरवशावर. चादरीच्या एका कारखान्यात ते नक्षी काढायचे. बारीक चौकटींचा कागद घ्यायचा आणि एकेक चौकट लाल नाहीतर निळी भरत जायची. त्या कागदावरून पुढे पुठ्ठ्यांना भोकं पडायची, ती पुठ्ठी मागावर चढायची आणि मग कुठे चादरीवर मोर उभा राहायचा. एक चौकट चुकली की मोराची मान मोडली म्हणून समजा. इतक्या वर्षांत एकही मान मोडली नाही, असं ते सांगायचे आणि सांगताना जरा ताठ बसायचे. त्यांना तो हक्क होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं आणि राग नाकावर असायचा. राग आहे म्हणून लग्न होत नाही की लग्न होत नाही म्हणून राग आहे, यावर आमच्या भावकीत बरीच चर्चा होऊन गेली होती.

एका गुरुवारी संध्याकाळी अप्पांनी कुंचला खाली ठेवला आणि मला हाक मारली. कागदाच्या खालच्या बाजूला शाई सांडलीय का बघ, म्हणाले. कागद स्वच्छ होता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. सांडलेली शाई त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरत होती. माझ्या पदराच्या खालचं त्यांना काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी सकाळीच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि आतला पडदा सुटायला लागलाय असं सांगितलं. सोलापुरात याचं ऑपरेशन होत नाही, मिरजेला एक डॉक्टर करतात, त्यांच्याकडे लवकर न्या. तोवर डोळ्यांवर पट्टी आणि उताणं पडून राहायचं. आणि नेताना डोक्याला धक्के बसू देऊ नका, धक्क्यानं पडदा आणखी सुटतो. एवढं ते बोलले. त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात असं रुतून बसलं की बाकीच्यांना जागाच उरली नाही.

आगगाडीनं जायचं तर कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसायचं, आणि ती छोटी गाडी माणसाची हाडं मोजून घ्यायची. म्हणून मामांची मोटार. मामा म्हणजे अव्वाचा, माझ्या आईचा, धाकटा भाऊ. त्यांची धान्याची आडत होती आणि एक जुनी, पांढरी, उशी फाटलेली मोटार होती. माणूस मोठ्या मनाचा. निरोप मिळाला तसे गाडी घेऊन दारात हजर झाले आणि आत्ता निघू म्हणाले. पण ती गाडी मला चांगली ठाऊक होती. खड्ड्यातून गेली की पुढच्या खड्ड्यापर्यंत डुलत राहायची. लग्नाकार्याला आम्ही त्यातून हसत खिदळत गेलो होतो, डोकी टपाला आपटून घेत. आता त्याच टपाखाली अप्पांचं डोकं असणार होतं.

मी मामांना म्हटलं, आधी मिस्त्रीला दाखवू.

मिस्त्रींचं गॅरेज सात रस्त्याजवळ एका लिंबाखाली होतं. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा शांत माणूस. घरात दखनी बोलायचे, आमच्याशी सोलापूरची मराठी. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, खाली वाकले नाहीत. नुसतं पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून सगळा भार देऊन खाली दाबलं आणि हात उचलले. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. चौथ्यांदा कुठे थांबली. चारी कोपऱ्यांना तीच गत.

“शॉकअप मेलेत चारी,” मिस्त्री म्हणाले. “एकदा वर येऊन गप बसाया पायजे, ताई. स्प्रिंग उड्या मारणार, त्येचं कामच हाय त्ये. शॉकअपनं तिला धरून बसवायचं.”

मला हे एकदम पटलं. मी वर्गात लंबक शिकवायची, तो हवेत जास्त वेळ हलतो आणि पाण्यात लवकर थांबतो हे मुलींना करून दाखवायची. शॉकअपच्या नळकांड्यात तेल असतं आणि आतला दट्ट्या त्या तेलातून वर-खाली होतो, असं मिस्त्रींनी सांगितल्यावर मी मान डोलावली. मनात म्हटलं, चला, निदान ही एक गोष्ट अशी आहे की जी आपल्याला कळते. पडद्यातलं मला काही कळत नव्हतं. शॉकअपमधलं कळत होतं. मग मी सगळा जीव तिथेच लावला.

दुपारपर्यंत नवे चार शॉकअप आणले. लांबट खोक्यांत, प्रत्येकाला कागद गुंडाळलेला, दांडा आत दाबून तारेनं बांधलेले. मिस्त्री संध्याकाळी बसवून देणार होते. पण घरी आलो तर अव्वा दारात. अमावास्या लागली होती. ती शनिवारी संध्याकाळी सुटणार होती. आमच्या घरात अमावास्येला नवं काही जोडत नाहीत, नव्या कामाला हात लावत नाहीत, आणि प्रवासाला तर मुळीच निघत नाहीत. अव्वाचे वडील अमावास्येला बैल घेऊन निघाले होते आणि घरी आलेच नाहीत, एवढं त्यामागे होतं. त्यामुळे तिच्याशी या बाबतीत कुणी वाद घालत नसे. मीसुद्धा घातला नाही. मामा चुळबुळले, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं काही चालायचं नाही.

“शनिवार जाऊ दे की,” अव्वा म्हणाली. “वस्तू देवापुढं ऱ्हाऊ देत. रविवारी सकाळी बसवा.”

मग चारी शॉकअप देवापुढे पाटावर आडवे ठेवले. आम्ही लिंगायत, नवी वस्तू घरात आली, शिवणयंत्र असो नाहीतर स्टोव्ह, की तिला विभूतीची तीन बोटं ओढायची, फूल वाहायचं आणि मगच वापरायची. अव्वानं विभूती पाण्यात कालवली. तबक मी धरलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. तबक माझ्या हातात होतं आणि मी डोळ्यांनी पाहत होते. तीन शॉकअपच्या बाहेरच्या नळ्यांवर तिनं तीन-तीन पट्टे ओढले. चौथ्याची तार येताना वाटेत सुटली होती, त्यामुळे त्याचा आतला चकचकीत दांडा वीतभर बाहेर आला होता. अव्वाला तो दांडा आवडला असावा. आरशासारखा होता. तिनं त्याच्यावरच तीन पट्टे ओढले, हात जोडले आणि डोळे मिटले. मी पण मिटले.

शनिवारभर अप्पा उताणे पडून होते. पट्टी बांधलेला माणूस घरात असला की सगळेच हळू बोलतात, जणू काही ऐकूही येत नाही त्याला. त्यांनी दोनदा विचारलं, कधी निघायचं. मी म्हटलं, उद्या.

रविवारी सकाळी मिस्त्री स्वतःच घरी आले आणि शॉकअप उचलून घेऊन गेले. दहा वाजेपर्यंत चारी बसवून झाले होते. मी गॅरेजमध्येच उभी होते. मामा किल्ली बोटावर फिरवत म्हणाले, आता अप्पांना घेऊ आणि निघू, अंधार पडायच्या आत मिरज.

मी म्हटलं, आधी तपासू.

मडगार्ड दाबलं. पुढचा डावा कोपरा: खाली गेला, वर आला, बसला. पुढचा उजवा तसाच. मागचा उजवा तसाच. मागचा डावा खाली गेला, वर आला आणि मला वाटलं, थोडा पुन्हा खाली जाऊन आला. मामांना तसं वाटलं नाही. मिस्त्रींनी दोनदा दाबून पाहिलं आणि नवा आहे, जरा चालल्यावर बसेल, असं म्हणाले. मी तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं. जितकं जास्त पाहावं तितकं कळेनासं होत जातं, तसं झालं. पण तो मागचा डावा कोपराच होता, आणि मागच्या सीटवर अप्पांचं डोकं डाव्या बाजूलाच येणार होतं, कारण उजव्या दाराची कडी नीट लागत नव्हती.

मी घरून पितळेचं पातेलं मागवलं. ते पाण्यानं भरलं, काठाखाली दोन बोटं सोडून, आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला, जिथे डोकं येणार तिथे, चादरीची चुंबळ करून त्यात बसवलं. दुसरं तसंच पातेलं उजवीकडे. मामांनी कपाळाला हात लावला. तरी ते गाडी चालवायला बसले, मिस्त्री त्यांच्या शेजारी आणि मी मागे दोन पातेल्यांच्या मध्ये, एकेका हातानं त्यांना आधार देत. आज जिथे जुळे सोलापूरच्या वसाहती आहेत तिथे तेव्हा नुसता माळ होता आणि त्यातून बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. मी मामांना त्या चाकोऱ्यांतून गाडी न्यायला सांगितली. दोन मैल जायचं आणि दोन मैल यायचं, एका वेगानं.

ते चार मैल माझ्या अजून लक्षात आहेत. रस्ता मी पाहिलाच नाही. मी पाणी पाहत होते. उजव्या पातेल्यातलं पाणी प्रत्येक खड्ड्याला एकदा काठाशी येऊन मागे फिरायचं. डाव्यातलं पहिला मैलभर तसंच वागलं. मग ते जास्त चढायला लागलं. मग काठावरून एक जीभ बाहेर आली आणि माझ्या साडीवर पडली. परत येताना ते सारखं सांडत होतं. गॅरेजपाशी उतरलो तेव्हा उजवं पातेलं जवळजवळ तेवढंच भरलेलं होतं आणि डावं निम्मं झालं होतं. माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

मिस्त्रींनी पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता हात लावून बगा, ताई. जे काम करतंय ते गरम होतंय.”

मी साडी खोचून त्या तेलकट मातीत आडवी झाले. लिंबाखाली चहा पीत बसलेले दोघेतिघे बघत होते, बघेनात का. पुढच्या डाव्याला हात लावला. चांगला गरम होता, पोळी ठेवलेल्या डब्यासारखा. पुढचा उजवा गरम. मागचा उजवा गरम. मागच्या डाव्याला हात लावला आणि माझं बोट तेलात सरकलं. नळकांडं थंड होतं. दुपारी बारा वाजता, त्या उन्हात, थंड.

मिस्त्री खाली सरकले आणि दांड्यावरून बोट फिरवून ते बाहेर उजेडात आणलं. बोटावर तेल होतं आणि त्या तेलात राखाडी चिखल होता. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला. खरखरीत लागला. दांडा जिथून आत जातो तिथे रबराची चकती असते. तिच्यात ही राख घुसली आणि ती चकती कापली गेली, तेल बाहेर आलं, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. आणि मग मान खाली घालून म्हणाले, सकाळी बसवताना त्यांनी ती विभूती पाहिली होती. पुसायला फडकंही घेतलं होतं. पण तुमच्या देवाचं लावलेलं आपण कसं पुसायचं, म्हणून तसंच बसवलं.

मला त्यांचा राग आला नाही. येऊ शकला असता, पण आला नाही. आमचा मान ठेवायला गेलेला माणूस. राग मी घरी घेऊन गेले.

अव्वानं सगळं बांधून तयार ठेवलं होतं. भाकऱ्या, शेंगाचटणी, अप्पांची धोतरं, उशी. गाडी दारात आल्याचं ऐकून अप्पाही पलंगावर उठून बसले होते, पट्टी बांधलेला चेहरा दाराकडे करून. मी सांगितलं की आज निघता येत नाही. एक शॉकअप गेलाय, रविवार आहे, दुकान बंद आहे, उद्या दुसरा आणायचा, बसवायचा, तपासायचा आणि मग निघायचं. मामा म्हणाले, अगं तिन्ही नवे आहेत की, चौथ्या जागी जुना घालू, मी बैलगाडीच्या चालीनं नेतो. मिस्त्रींनीही तेच म्हटलं होतं. पाहिजे तर मी सोबत येतो असंही म्हटलं होतं. मी ते घरात सांगितलंच नाही.

अव्वा म्हणाली, “निघू या की. काल मी थांबवलं, आज नको थांबायला. मी त्यांचं डोकं मांडीवर घीन. मला लई भ्या वाटालंय.”

तेव्हा मी बोलले. ओल्या साडीनं, तेलकट हातानं, अप्पांसमोर बोलले. “तुझ्या विभूतीनं तो शॉकअप गेलाय. त्यांचा डोळा गेला ना, तर तो तुझ्यामुळं गेला असं मी जन्मभर म्हणेन.”

तबक मी धरलं होतं हे मी बोलले नाही.

 अव्वानं पदरानं हात पुसले, जरी ते ओले नव्हते, आणि आत जाऊन बांधलेल्या भाकऱ्या सोडायला लागली. त्यानंतर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तिनं निघायचं नाव काढलं नाही. कशाच्या तोंडानं काढणार होती? ते तोंड मी बंद केलं होतं. मामा माझ्याकडे बघून बाहेर जाऊन बसले. अप्पा तेवढे म्हणाले, “तिला बघू द्या. ती शास्त्र शिकलीय.” आणि पुन्हा उताणे झाले.

त्यांच्या या वाक्यानं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. 

संध्याकाळी पट्टी सोडून थेंब घातले. मी विचारलं, अप्पा, सावली वाढली का? त्यांनी डोळा उघडा ठेवून छताकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, आहे तेवढंच आहे. मी पट्टी पुन्हा बांधली. मला खूप हायसं वाटलं. मनात म्हटलं, बघा, पडून राहिल्यानं सावली थांबली. धक्का हाच काय तो शत्रू होता.

सोमवारी शाळेतून रजा घेतली. दुकान उघडायच्या आधी मी दुकानाच्या पायरीवर होते. नवा शॉकअप आणला, उभा धरून आणला, रिक्षात मांडीवर घेऊन, तार सुटू न देता. या वेळी देवापुढे ठेवला नाही. अव्वानं विचारलंही नाही. मिस्त्रींनी तो बसवायच्या आधी हातानं चार-पाच वेळा दाबून सोडून दाखवला, स्वच्छ फडक्यानं पुसला आणि बसवला. पुन्हा मडगार्ड दाबलं. पुन्हा दोन पातेली, पुन्हा तो माळ, पुन्हा चार मैल. पाणी दोन्हीकडे सारखं चढलं आणि सारखं उतरलं. पुन्हा आडवी होऊन हात लावला. चारी गरम. मिस्त्री हसले. मी हसले नाही. मला आणखी एकदा पाहायचं होतं. आम्ही होटगी रस्त्याला रेल्वेच्या फाटकावरून गाडी दोनदा नेऊन आणली. हे सगळं होईपर्यंत तीन वाजले होते आणि अंधारात खड्डे दिसत नाहीत म्हणून मीच ठरवलं की मंगळवारी पहाटे निघायचं.

मंगळवारचा प्रवास मी मनात आखला होता तसाच झाला. मामांनी गाडी अशी नेली की जणू मागे अंडी भरलीत. अव्वा डावीकडे बसली, अप्पांचं डोकं तिच्या मांडीवर, दोन्ही कानांवर तिचे तळवे. मी पुढे. मंगळवेढ्याच्या पुढे रस्ता फार वाईट होता. प्रत्येक खड्डा दिसला की माझे पाय आपोआप ताठ व्हायचे आणि मी मागे वळून अप्पांच्या डोक्याकडे बघायची. गाडी खाली जायची, वर यायची आणि बसायची. एकदाच. दर वेळी एकदाच. सांगोल्याला थांबलो तेव्हा अप्पा म्हणाले, पलंगावर पडल्यासारखं वाटतंय. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी मामांना चहा पाजला आणि तोंडभरून बोलत राहिले. अव्वा गाडीतून उतरली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांचं वय झालं होतं आणि आवाज मऊ होता. त्यांनी अंधाऱ्या खोलीत अप्पांचा डोळा खूप वेळ पाहिला. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. मी बोलायला टपलेली होते. प्रवासात एकही धक्का बसू दिला नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. शाबासकी हवी होती, खरं म्हणजे.

डॉक्टरांनी दिवा लावला आणि अप्पांना विचारलं, मधलं दिसायचं कधी बंद झालं?

 अप्पा म्हणाले, “रविवारी संध्याकाळी. थेंब घातले तेव्हा. छताचा लाकडी खांड निम्मा दिसला.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी शॉकअप तपासत होते म्हणून सांगितलं नव्हतं. माझ्यावर ओझं नको म्हणून, की माझ्या शास्त्रावर त्यांचा विश्वास होता म्हणून, हे मी त्यांना पुढे कधी विचारू शकले नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पडदा पुन्हा बसवता येईल, उद्याच करू. पण मधला भाग एकदा सुटला की तो बसवला तरी पूर्वीसारखं काम करत नाही. उजेड दिसेल, माणसं दिसतील, घरात वावरता येईल. बारीक काही दिसायचं नाही. तसंच झालं. अप्पा पुढे सतरा वर्षं जगले, दारात कोण आलं ते चालीवरून आणि आकारावरून ओळखायचे, पण चौकटींचा कागद त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. कारखान्यानं दुसरा माणूस घेतला.

मी तेव्हा धडपडत विचारलं की धक्के बसले असते तर याहून वाईट झालं असतं ना? डॉक्टर म्हणाले, थोडंफार. पण या दुखण्यात दिवस महत्त्वाचे असतात. शनिवारी, अगदी रविवारी दुपारीसुद्धा निघाला असतात, आणि बैलगाडीतून आणलं असतंत, तरी मला मधलं वाचवता आलं असतं.

मग त्यांनी लिहायला कागद पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, “शुक्रवारी कळलं होतं. मंगळवार उजाडेपर्यंत कशाला थांबलात?”

मामा माझ्याकडे बघत होते. अप्पांची पट्टी अजून सुटलेलीच होती, पण ते कुणाकडेच बघत नव्हते.  रविवारच्या दुपारी त्या घरात काय बोललं गेलं हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, आणि आता ते वाक्य मला परत करायला अव्वाला फक्त तोंड उघडायचं होतं.

तिनं उघडलं. पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, “मी थांबवलं, डॉक्टर. अमावास्या होती की. पोरगी निघा निघा म्हणत होती.”

डॉक्टरांनी मान हलवली, असल्या बायका त्यांनी बऱ्याच पाहिल्या असाव्यात, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी दीड हाताच्या अंतरावर उभी होते. माझ्या नखांत अजून मिस्त्रींच्या गॅरेजमधलं तेल होतं. मी काही बोलले नाही.